एकाच वेळी सहाही तारा

१५ नोव्हेंबर २००२ची संध्याकाळ. पश्चिम लंडनमधील ॲक्टन टाउन हॉलमध्ये गर्दी जमली होती ती संपावर गेलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांसाठी. पगारवाढीच्या मागणीसाठी ब्रिटनभरातील जवानांनी काम थांबवले होते आणि त्यांच्या मदतीसाठी ‘जो स्ट्रमर अँड द मेस्कलेरोज’ हा बँड गाणार होता. पन्नाशी गाठलेला स्ट्रमर नेहमीच्याच तडफेने गात होता. कार्यक्रम अखेरीकडे झुकला असता ‘बँकरॉबर’ या जुन्या गाण्याचे सूर सुरू झाले आणि प्रेक्षकांत बसलेल्या एका गृहस्थाला राहवेना. तो उठला, थेट मंचावर चढला, गिटार गळ्यात अडकवून वाजवू लागला. तो होता मिक जोन्स. ‘द क्लॅश’ या बँडमध्ये स्ट्रमरच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलेला गिटारवादक आणि संगीतकार. दोघे एका मंचावर आले होते तब्बल १९ वर्षांनी. १९८३ साली जोन्सला त्याच्याच बँडमधून बाहेर काढणारा स्ट्रमरच होता.

या भेटीची कोणतीही योजना नव्हती. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी स्ट्रमर जग सोडून गेला. त्यामुळे त्या संध्याकाळला पुढे जो अर्थ प्राप्त झाला, तो समजण्यासाठी या कलंदर माणसाचा बँड जोडण्याचा आणि मोडण्याचा सारा प्रवास पाहावा लागतो.

जो स्ट्रमर हे त्याचे जन्मनाव नव्हे. जॉन ग्रॅहम मेलर या नावाने तो २१ ऑगस्ट १९५२ रोजी तुर्कस्तानातील अंकारा येथे जन्मला. वडील रोनाल्ड मेलर ब्रिटिश परराष्ट्र सेवेत होते. त्यांचा स्वतःचा जन्म लखनौचा. एका रेल्वे अधिकाऱ्याचे ते चिरंजीव. आई ॲना ही स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातली, पेशाने परिचारिका. वडिलांच्या बदल्यांमुळे जॉनचे बालपण कैरो, मेक्सिको सिटी आणि बॉन अशा शहरांतून गेले. नऊ वर्षांचा असताना त्याला आणि थोरला भाऊ डेव्हिडला इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या निवासी शाळेत ठेवण्यात आले. आईवडिलांची भेट आता वर्षाकाठी सुट्टीपुरती. आपल्या माणसांपासून तुटल्याची ही भावना त्याच्या मनात खोलवर रुजली. मित्रांचा गोतावळा सतत भोवती लागणे आणि तोच गोतावळा एका फटक्यात तोडून पुढे निघून जाणे, या दोन्ही सवयींची बीजे इथेच पडली असावीत.

दुसरा आघात त्याहून मोठा होता. अबोल स्वभावाचा डेव्हिड ‘नॅशनल फ्रंट’ या स्थलांतरितांचा द्वेष करणाऱ्या पक्षाच्या नादी लागला, नैराश्याने घेरला गेला आणि जुलै १९७० मध्ये त्याने लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये आत्महत्या केली. मृतदेहाची ओळख पटवण्याची वेळ १७ वर्षांच्या जॉनवर आली. भावाविषयी तो पुढे फारसे बोलला नाही. मात्र त्या पक्षाच्या विचारसरणीविरुद्ध तो आयुष्यभर उभा राहिला.

त्याच वर्षी त्याने लंडनच्या कला महाविद्यालयात प्रवेश घेतला. पण अभ्यासात मन रमले नाही. टायमन डॉग या व्हायोलिनवादक मित्राबरोबर तो भुयारी रेल्वेच्या स्थानकांत जाऊ लागला. डॉग वाजवायचा आणि हा येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून पैसे गोळा करायचा. पुढे युकुलेली हे चार तारांचे छोटेसे वाद्य हाती आले आणि त्यावर तो स्वतःच गाऊ लागला. वेल्समधील न्यूपोर्ट या गावी काही काळ राहिला, तिथे ‘द व्हल्चर्स’ नावाच्या बँडमध्ये शिरला आणि पोटासाठी दफनभूमीत कबरी खणण्याचे काम केले. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री याच्यावरील भक्तीमुळे त्या दिवसांत मित्रमंडळी त्याला ‘वुडी’ म्हणत.

१९७४ मध्ये तो लंडनला परतला. शहराच्या पश्चिम भागात त्या काळी रिकामी, मोडकळीस आलेली घरे पुष्कळ होती आणि बेघर तरुण त्यांत बेकायदा बिऱ्हाड थाटत. वॉल्टरटन रोडवरील १०१ क्रमांकाच्या अशाच एका घरात त्याचा पहिला महत्त्वाचा बँड जन्माला आला. घराच्या क्रमांकावरूनच त्याचे नाव पडले ‘द १०१र्स’. मद्यालयांच्या छोट्या मंचांवर जुने रॉक अँड रोल वाजवणारा हा बँड वर्ष-दीड वर्षात लोकप्रिय झाला. १९७५ मध्ये वुडीने स्वतःला जो स्ट्रमर हे नाव घेतले. स्ट्रमर म्हणजे तारा खडाखड छेडत राहणारा. या नावात आपल्याच मर्यादेवर केलेला विनोद होता. तो मूळचा डावखुरा. पण गिटार शिकला ती उजव्या हाताने वाजवायला. बोटांची नाजूक कारागिरी त्याला साधत नसे. सहाही तारा एकदम छेडायच्या, नाहीतर एकही नाही, हीच त्याची पद्धत. पण त्या छेडण्यात लयीचा असा काही जोर होता की, साऱ्या बँडला मागून रेटा मिळे. त्यासाठीची टेलिकास्टर गिटारही त्याने विलक्षण मार्गाने मिळवली. दक्षिण आफ्रिकेतील एका तरुणीला ब्रिटनमध्ये राहता यावे म्हणून त्याने तिच्याशी कागदोपत्री विवाह केला आणि त्याबद्दल मिळालेले १०० पौंड गिटारीवर घातले. पुढे काळ्या रंगाने रंगवलेली हीच गिटार त्याची ओळख ठरली.

३ एप्रिल १९७६ रोजी लंडनच्या ‘नॅशव्हिल रूम’मध्ये १०१र्सचा कार्यक्रम होता. त्यांच्या आधी एक नवखा बँड वाजवणार होता. त्याचे नाव ‘सेक्स पिस्टल्स’. त्या पोरांना वादनात गती नव्हती, प्रेक्षकांना आवडावे अशी इच्छाही नव्हती. पण त्यांच्या बेपर्वाईत काहीतरी नवे आहे, हे स्ट्रमरला पहिल्या काही मिनिटांतच उमगले. आपला बँड एका रात्रीत जुना झाला, अशी त्याची खात्री पटली. रॉक संगीत तेव्हा लांबलचक गिटारवादनात आणि धनाढ्य कलावंतांच्या थाटात अडकले होते. बेकारी आणि महागाईने त्रासलेल्या ब्रिटिश तरुणांना त्यात आपले काही दिसत नव्हते. तीन सूरगुच्छ, दोन-तीन मिनिटांचे गाणे आणि मनातला संताप एवढ्या भांडवलावर उभे राहिलेले पंक रॉक हे त्यावरचे उत्तर होते.

पुढच्या काही आठवड्यांत व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स, मिक जोन्स आणि बास गिटार नुकतीच हाती घेतलेला चित्रकलेचा विद्यार्थी पॉल सायमनन यांनी स्ट्रमरला आपल्याकडे ओढले. ऱ्होड्सने विचारासाठी ४८ तासांची मुदत दिली आणि ती संपण्याआधीच उत्तर मागितले. स्ट्रमर हो म्हणाला. १०१र्स संपला. त्यांची ‘कीज टु युअर हार्ट’ ही तबकडी बाजारात आली तेव्हा ती वाजवणारा बँडच अस्तित्वात नव्हता. दोन वर्षे एका छपराखाली राहिलेल्या साथीदारांना त्याने मागे टाकले. जुन्या ओळखींनाही तो टाळू लागला. पंकच्या नव्या जगात जुने असणे हाच गुन्हा होता.

‘द क्लॅश’चा पहिला कार्यक्रम ४ जुलै १९७६ रोजी शेफील्डमध्ये झाला. कामाची वाटणी लवकरच ठरली. शब्द प्रामुख्याने स्ट्रमरचे, चाली आणि वाद्यमेळ प्रामुख्याने जोन्सचा. जोन्सची गिटार सुरेल, नक्षीदार. स्ट्रमरची खरखरीत, कुऱ्हाडीच्या घावासारखी. दोघांचे स्वभावही तसेच भिन्न. या भिन्नतेतच बँडची ताकद होती. ३० ऑगस्टला नॉटिंग हिलच्या कॅरिबियन उत्सवात कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात दंगल उसळली. स्ट्रमर आणि सायमनन त्या गर्दीत होते. ‘व्हाइट रायट’ हे गाणे त्या अनुभवातून आले. काळे तरुण अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरतात, मग गोरे तरुण का नाही, असा त्याचा सवाल होता. काहींनी त्याचा नेमका उलटा, वंशद्वेषी अर्थ लावला. त्याला चोख उत्तर मिळाले ३० एप्रिल १९७८ रोजी, लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये. ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ या चळवळीच्या मेळाव्यात हजारो तरुणांसमोर क्लॅश उभा राहिला. आशियाई आणि कॅरिबियन वस्त्यांवर नॅशनल फ्रंटची दहशत असण्याचा तो काळ होता. ज्या पक्षाने भावाला नादी लावले, त्याच पक्षाविरुद्ध स्ट्रमर त्या दिवशी गात होता.

व्यवस्थेविरुद्ध गाणाऱ्या या बँडने जानेवारी १९७७ मध्ये सीबीएस या बलाढ्य कंपनीशी एक लाख पौंडांचा करार केला, तेव्हा पंक संपले अशी टीका झाली. करारातील गोम बँडच्याही ध्यानात उशिरा आली. कंपनीने त्यांना न विचारता एक गाणे स्वतंत्र तबकडी म्हणून काढले, तेव्हा ‘कम्प्लीट कंट्रोल’ या गाण्यातून त्यांनी कंपनीवरच तोफ डागली. ते गाणेही अर्थात त्याच कंपनीने विकले. ही विसंगती क्लॅशला अखेरपर्यंत चिकटून राहिली. मात्र तिच्याशी त्यांनी आपल्या परीने झुंज दिली. डिसेंबर १९७९ मध्ये आलेला ‘लंडन कॉलिंग’ हा दोन तबकड्यांचा संच त्यांनी हट्टाने एका तबकडीच्या किमतीत विकायला लावला. पुढच्या वर्षीचा ‘सँडिनिस्टा!’ तर तीन तबकड्यांचा, ३६ गाण्यांचा. त्याची किंमत कमी राहावी म्हणून ब्रिटनमधील पहिल्या दोन लाख प्रतींवरील मानधनावर बँडने पाणी सोडले. रेगे, जॅझ, रॉकबिली, न्यूयॉर्कच्या गल्ल्यांत नुकतेच जन्मलेले रॅप, असे काय काय या दोन संचांत सामावले होते. पंक म्हणजे केवळ आरडाओरडा नव्हे, जगातील कोणत्याही कोपऱ्यातले संगीत आपलेसे करण्याची मोकळीक आहे, हे क्लॅशने दाखवून दिले.

यश शिगेला पोहोचत असतानाच घर फुटू लागले. १९८२ च्या एप्रिलमध्ये, दौरा तोंडावर असताना, स्ट्रमर बेपत्ता झाला. मुळात ती ऱ्होड्सची क्लृप्ती होती. तिकिटांचा खप वाढावा म्हणून त्याने काही दिवस लपायचे होते. स्ट्रमर मात्र खरोखरच नाहीसा झाला आणि काही आठवड्यांनी पॅरिसमध्ये सापडला. परतल्यावर पहिला घाव पडला ड्रमवादक टॉपर हेडनवर. तो हेरॉइनच्या आहारी गेला होता. त्याला काढण्यात आले. दैवदुर्विलास असा की, अमेरिकेत क्लॅशला सर्वाधिक यश देणाऱ्या ‘रॉक द कासबा’ या गाण्याचे संगीत हेडनचेच होते. त्याच शरद ऋतूत बँड न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ‘द हू’ या बुजुर्ग बँडच्या आधी वाजवत होता. ज्या भव्य रॉकविरुद्ध पंक उभे राहिले, त्याच्याच मंचावर क्लॅश येऊन पोहोचला होता.

सप्टेंबर १९८३ मध्ये मिक जोन्सलाही निरोप देण्यात आला. तो उशिरा येतो, ताऱ्यासारखा वागतो, अशा तक्रारी होत्या आणि त्या अगदीच खोट्या नव्हत्या. पण ऱ्होड्सच्या सल्ल्याला बळी पडून स्ट्रमरने केवळ सहकारी गमावला नाही, तर आपल्या शब्दांना सूर देणारा माणूस गमावला. तीन नवे वादक घेऊन त्याने बँड पुढे रेटला. १९८५ च्या मे महिन्यात ही पाच जणांची टोळी साध्या गिटारी घेऊन उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये रस्त्यांवर गात फिरली आणि रात्री चाहत्यांच्या घरी झोपली. भुयारी रेल्वेतले दिवस त्याला पुन्हा जगायचे होते. पण नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘कट द क्रॅप’ या संचावर ऱ्होड्सने यंत्राचे ड्रम आणि कर्कश घोषणा लादल्या. ‘धिस इज इंग्लंड’ हे एक गाणे सोडले तर त्यातील फारसे काही टिकले नाही. क्लॅश १९८६ च्या सुरुवातीस विसर्जित झाला. दरम्यान स्ट्रमरचे वडीलही गेले होते आणि आई कर्करोगाने आजारी होती.

तत्पूर्वीच चूक उमगलेला स्ट्रमर जोन्सला शोधत बहामा बेटांवर जाऊन धडकला होता. जोन्स तिथे ‘बिग ऑडिओ डायनामाइट’ या आपल्या नव्या बँडच्या कामात होता. परत ये, ही विनंती त्याने नाकारली. मैत्री मात्र नाकारली नाही. १९८६ मध्ये त्या बँडच्या दुसऱ्या संचासाठी दोघांनी एकत्र गाणी लिहिली, निर्मितीही केली. क्लॅश मात्र पुन्हा जुळला नाही.

यानंतरची दहा-बारा वर्षे स्ट्रमरने स्वतःच वनवास म्हणून भोगली. स्पेनमधील ग्रानादा हे फेदेरिको गार्सिया लोर्का या कवीच्या प्रांतातले शहर त्याला ओढून नेई. तिथल्या ‘०९१’ नावाच्या बँडचा संच त्याने करून दिला. ‘वॉकर’ या चित्रपटाला संगीत दिले, जिम जारमुशच्या ‘मिस्टरी ट्रेन’मध्ये भूमिका केली. ‘लॅटिनो रॉकबिली वॉर’ हा बँड जमवून १९८९ मध्ये ‘अर्थक्वेक वेदर’ काढला. तो साफ पडला. आयरिश लोकसंगीत आणि पंक यांचा मेळ घालणाऱ्या ‘द पोग्ज’मध्ये आजारी गिटारवादकाच्या जागी तो उभा राहिला, त्यांचा एक संच त्याने केला आणि १९९१ मध्ये शेन मॅगोवन या त्यांच्या गायकाला व्यसनापायी जावे लागले तेव्हा काही महिने गायकाची जागाही भरून काढली. जगप्रसिद्ध बँडचा नायक दुसऱ्याच्या बँडमध्ये बदली खेळाडू म्हणून राबत होता, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. बँड टिकवण्याची कला तो बहुधा इथेच शिकला. त्याच वर्षी एका जीन्सच्या जाहिरातीमुळे क्लॅशचे जुने गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुनर्मीलनासाठी मोठमोठ्या रकमा पुढे येत गेल्या. त्या स्वीकारल्या गेल्या नाहीत.

१९९९ मध्ये स्ट्रमर परतला तो ‘मेस्कलेरोज’ हा तरुण वादकांचा चमू घेऊन. ‘रॉक आर्ट अँड द एक्स-रे स्टाइल’ आणि २००१ मधील ‘ग्लोबल अ गो-गो’ या संचांत संतापाची जागा कुतूहलाने घेतली होती. दुसऱ्या संचातील एका गाण्याचे नाव आहे चक्क ‘भिंडी भाजी’. आपल्या वस्तीत कुठे काय खायला मिळते याची यादी एका परक्या पाहुण्याला सांगता सांगता साऱ्या जगातून आलेल्या माणसांचे लंडन त्यात उभे राहते. वडिलांचा जन्म लखनौचा आणि स्वतःचा अंकाराचा, अशा माणसाला हे गाणे सुचणे स्वाभाविकच होते. याच सुमारास बँडमध्ये एक व्हायोलिनवादक दाखल झाला. तो होता टायमन डॉग. ज्याच्यासाठी स्ट्रमर एके काळी भुयारी रेल्वेत पैसे गोळा करत असे, तो मित्र तीस वर्षांनी त्याच्या बँडमध्ये वाजवत होता. ग्लॅस्टनबरीच्या संगीत महोत्सवात स्ट्रमर शेकोटी पेटवून बसे. तिथे प्रसिद्ध कलावंत आणि अनोळखी तरुण रात्रभर शेजारी शेजारी बसून गप्पा मारत. क्लॅशवरील माहितीपटात त्याने जुन्या साथीदारांना काढण्याच्या निर्णयाचा दोष आढेवेढे न घेता स्वतःकडे घेतला.

ॲक्टनच्या मंचावर मिक जोन्स चढला, तो अशा स्ट्रमरशेजारी. ‘बँकरॉबर’नंतर दोघांनी ‘व्हाइट रायट’ आणि ‘लंडन्स बर्निंग’ वाजवले. संपकऱ्यांसाठीचा कार्यक्रम, लहानसे सभागृह आणि पैशाचा संबंध नाही. क्लॅश ज्या कारणांसाठी जन्माला आला होता, त्या साऱ्यांची पूर्तता करणारी हीच त्यातल्या त्यात खरी जागा होती.

२२ डिसेंबर २००२ रोजी सॉमरसेटमधील आपल्या घरी स्ट्रमर अचानक गेला. हृदयात जन्मजात दोष होता आणि त्याचे निदान कधी झालेच नव्हते. तो ५० वर्षांचा होता. मार्च २००३ मध्ये क्लॅशचा समावेश रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये झाला, तो त्याच्या गैरहजेरीत. ‘स्ट्रीटकोर’ हा अपूर्ण राहिलेला संच मेस्कलेरोजच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी पूर्ण केला. होतकरू संगीतकारांना मदत करणारी संस्था त्याच्या नावे उभी राहिली. २०१३ मध्ये ग्रानादातील एका छोट्या चौकाला त्याचे नाव देण्यात आले.

ॲक्टनच्या त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्ट्रमरच्या खरखरीत छेडण्याशेजारी काही वेळाने दुसरी एक सुरेल गिटार येऊन मिळते. मिक जोन्स परतल्याची ती नोंद आहे, आणि दोघांनी एकत्र वाजवल्याची अखेरचीही.